पाय काढलेली मांजर घरात मिसळत नाही: दार उघडलं की पुन्हा बिघडतं, ते का आणि काय करायचं

तक्रार साधारण अशी असते. ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी मांजर तीन पायांवर खोलीभर फिरायला लागली. बाराव्या दिवशी टाके निघाले आणि त्याच संध्याकाळी खोलीचं दार उघडलं. दोन दिवसांत चित्र पालटलं: दुसरी मांजर फिसकारते, कुत्रा जखम हुंगत मागे मागे फिरतो, हिने पलंगाखाली मुक्काम ठोकलाय आणि शू ट्रेच्या बाहेर होतेय. मग पुन्हा खोलीत बंद, चार दिवसांनी पुन्हा दार उघडायचं, पुन्हा तेच.

मांजर चिडकी झाली किंवा दुसरी मत्सरी आहे म्हणून असं होतं, हा निष्कर्ष घाईचा आहे. टाके काढायच्या दिवशी नेमक्या चार गोष्टी एकत्र येतात. दुखण्यावरचं औषध त्याआधीच संपलेलं असतं. त्याच दिवशी कोन (जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली कॉलर) निघतो, म्हणजे जखम चाटायला मोकळी होते. मांजर नुकतीच दवाखान्यातून आलेली असते, म्हणजे जाऊ लागलेला दवाखान्याचा वास अंगावर पुन्हा ताजा होतो. आणि कातडी वरून जुळलेली दिसली तरी आतली ताकद आलेली नसते. जखमेच्या जागची कातडी मूळच्या साधारण 80 टक्क्यांपर्यंतच मजबूत होते आणि तिथवर पोचायला बरेच आठवडे लागतात. टाके काढायचा दिवस म्हणजे दार उघडायचा दिवस नव्हे. दोन्हींत किमान चार-पाच दिवस जाऊ द्या.

तपासणीचा क्रम असा ठेवा: आधी वेदना आणि जखम, मग जमीन आणि ट्रे, मग वास, आणि सगळ्यात शेवटी समोरासमोर भेट. दुखत असलेल्या मांजरीची कितीही सावकाश ओळख करून दिली तरी ती पंजा उगारणारच.

घरी उपाय करत बसायचं नाही अशा गोष्टी

24 तासांत काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन. दोन दिवसांवर गेलं तर यकृतात चरबी साचायला लागण्याचा धोका असतो आणि जाड मांजरीला तो जास्त. "घाबरली आहे, खाईल हळूहळू" हे इथे चालत नाही.

बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन कुंथतो आणि शू येत नाही किंवा थेंबच येतात, तर ताबडतोब निघा. दुखण्याच्या औषधांनी बद्धकोष्ठ होतं हे ऐकलेलं असल्यामुळे लोक याला शी अडकली असं समजतात आणि वेळ घालवतात. बोक्याचा मूत्रमार्ग अडकला असेल तर रात्र काढणंही महागात पडतं. ताण हे त्यामागचं एक नेहमीचं कारण आहे, आणि ऑपरेशनमागोमाग घरातली भांडणं म्हणजे ताण आलाच. शी मात्र दोन दिवस झाली नाही तरी घाबरण्यासारखं नसतं. तिसऱ्या दिवशी विचारा.

हिरड्या पांढरट पडणं, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, गाढ झोपेतही मिनिटाला 30 च्या वर श्वास मोजले जाणं, जखम उघडणं, पू, घाण वास, ताप 39.5 अंश सेल्सिअसच्या (103 फॅरनहाइट) वर: यांतलं काहीही असेल तरी थेट दवाखाना. मांजरीचं नेहमीचं तापमानच 38.1 ते 39.2 असतं, त्यामुळे हाताला अंग गरम लागलं यावरून काही ठरवू नका.

जखमेजवळ मऊ, पाणी भरल्यासारखी फुगवटी आली, पण ती गरम नाही, लाल नाही आणि मांजर खातेपिते, तर बहुधा तो सेरोमा, म्हणजे कातडीखाली साचलेलं पाणी, आहे. पहिल्या आठवड्यात तो दिसतो. फोटो काढून डॉक्टरांना पाठवा, शेजारी माप कळावं म्हणून पट्टी किंवा नाणं ठेवा. दाबू नका, सुईने काढू तर अजिबात नका. सेरोमा परत परत भरत असेल तर मांजर जास्त हलतेय का, आणि कोणीतरी तिच्या मागे लागतंय का, ते बघा.

वेदना आहे का हे कसं ओळखायचं

मांडीवर बसून घुरघुरते म्हणजे दुखत नाही, असं नसतं. दुखतानाही मांजरी घुरघुरतात. ओरडण्याची वाट पाहिलीत तर फसाल. चेहरा बघा. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेली फेलाइन ग्रिमेस स्केल ही पद्धत घरीसुद्धा वापरता येते. मांजर जागी आणि शांत असताना, म्हणजे खात, चाटत किंवा झोपलेली नसताना, अर्धा मिनिट दुरून बघायचं. पाच गोष्टी: कान बाहेरच्या बाजूला वळून सपाट झालेत का, डोळे आवळलेत का, नाकातोंडाचा भाग ताणून लांबट झालाय का, मिशा सरळ ताठ पुढे आल्यात का, आणि डोकं खांद्यांच्या रेषेच्या खाली गेलंय का. प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 गुण. दहापैकी 4 किंवा जास्त आले तर वेदनेवरचं औषध पुरत नाही असं समजून डॉक्टरांशी बोला. सकाळ-संध्याकाळ गुण लिहून ठेवले की बोलणं सोपं जातं.

औषधांमुळेही गोंधळ होतो. ब्युप्रेनॉर्फिन हे वेदनाशामक दिल्यावर डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, मांजर वेड्यासारखी टक लावून बघते किंवा सारखी अंग घासत सुटते. हे वेदनेचं किंवा रागाचं लक्षण नाही. पण दुसऱ्या मांजरीला हे कसं कळणार? तिच्या दृष्टीने मोठ्या बाहुल्यांची टक म्हणजे आव्हान. म्हणून हे औषध चालू आहे तोवर समोरासमोर आणूच नका. हे औषध गालाच्या आतल्या बाजूला सोडायचं असतं. खाण्यात मिसळून पोटात गेलं तर परिणाम फारच कमी होतो, आणि मग "औषध लागू पडत नाही" अशी तक्रार येते. गॅबापेंटिन या मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या औषधाने झोप येते आणि चाल डळमळते. तीन पायांवरची मांजर त्याने आणखी पडते, त्यामुळे डोस दिल्यावर पहिले दोन-तीन तास तिला उंचावर जाऊ देऊ नका. मेलॉक्सिकॅमसारखं सूज-वेदनेवरचं औषध खाण्याबरोबर द्यायचं आणि मांजर खात नसेल किंवा उलटी होत असेल तर पुढचा डोस देण्याआधी विचारायचं.

घरात कुत्रा असेल तर एक खास सावधगिरी. माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत, गॅबापेंटिनच्या काही प्रकारांतही, झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो. कुत्र्याला तो विषारी आहे. बाटलीवरचे घटक वाचा आणि बाटली बंद कपाटात ठेवा. आणि माणसांची पॅरासिटॅमॉल, आयबुप्रोफेन यांतलं काही मांजरीला स्वतःच्या मनाने देऊ नका. पॅरासिटॅमॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकते.

खोली आणि जमीन

मांजर पलंगाखालून निघत नसेल तर आधी फरशीकडे बघा. गुळगुळीत फरशीवर तीन पायांची मांजर घसरते, दोनदा घसरली की चालणंच टाळते, आणि घसरताना दुसरा प्राणी जवळ असेल तर पडण्याची भीती तिच्या डोक्यात त्या प्राण्याशी जोडली जाते. खाणं, ट्रे आणि झोपायची जागा यांना जोडणारी रबरी किंवा योगा मॅटची सलग वाट करा, निदान 50-60 सेंटिमीटर रुंद. दोन मॅटमध्ये फट राहिली तर ती नेमकी तिथेच अडकते. कडा टेपने चिकटवा.

पलंगाखालची जागा बंद करा आणि त्याऐवजी लपायला खोकं द्या, पण त्याला दोन तोंडं हवीत. एकच तोंड असलेलं खोकं म्हणजे सापळा: दुसरी मांजर समोर येऊन नुसती बसली तरी हिला बाहेर पडता येत नाही. मारामारी न होताही मांजर दिवसभर कोंडलेली राहते, आणि घरच्यांना वाटतं की सगळं शांत आहे.

पुढचा पाय गेलाय की मागचा, यावर अडचणी बदलतात. मांजरीचं जास्त वजन, साधारण 60 टक्के, पुढच्या पायांवर असतं. पुढचा पाय गेला की चढणं जमतं पण उतरणं अवघड होतं. उडी मारून खाली येताना सगळा भार एका पायावर आणि हनुवटीवर येतो. उतरायला पायऱ्या किंवा उतार हवा, प्रत्येक पायरी 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नको. खाण्याचं भांडं 8-10 सेंटिमीटर उंच ठेवलं तर वाकताना तोल जात नाही. नखं घासायला उभा खांब जमत नाही. आडवा पुठ्ठा किंवा चटई जमिनीवर ठेवा. मागचा पाय गेला असेल तर उलट. उतरते नीट, पण चढताना जोर कमी पडतो आणि ट्रेमध्ये बसताना त्या बाजूला कलंडते.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली, जखमेची बाजू तुमच्या अंगापासून दूर. काखेत धरून लोंबकळत उचललं की मांजर ओरडते आणि पुढच्या वेळी हात दिसला की पळते.

ट्रेबाहेर शू-शी

शिक्षा करण्याआधी मोजपट्टी घ्या. ट्रेची लांबी मांजरीच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या दीडपट हवी. आत जायची कड 5-7 सेंटिमीटरपेक्षा उंच नको, बाकीच्या तीन बाजू मात्र उंच चालतील, मागचा पाय नसलेल्या मांजरीला त्यांना टेकता येतं. झाकणाचा ट्रे काढून टाका. लिटर, म्हणजे ट्रेमध्ये टाकायची माती, 2-3 सेंटिमीटर जाडच. खोल लिटरमध्ये पाय रुततात आणि ती पडते. जखम पूर्ण भरेपर्यंत गोळे होणारं बारीक लिटर नको, ते टाक्यांना चिकटतं. कागदाच्या गोळ्या किंवा फाडलेला कागद वापरा. ट्रेखाली न सरकणारी मॅट टाका. ट्रे हलला की मांजर पुन्हा त्यात जात नाही.

सगळं ठीक असूनही ती ट्रे सोडून बाहेर करत असेल तर ट्रेपर्यंतची वाट बघा. दुसरी मांजर बोळात आडवी पसरलेली असते, नुसती, काही न करता. तीच अडवणूक. उपाय म्हणजे ट्रे वाढवणं आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणं: मांजरींच्या संख्येपेक्षा एक जास्त. दोन ट्रे शेजारी ठेवले तर मांजरीच्या लेखी तो एकच.

शू मांडीवर उडत असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसा, कोरडं करा. तिथे चाटून चाटून कातडी लाल होते आणि तो वासही दुसऱ्या मांजरीला अनोळखी वाटतो.

वास

मांजरी आपल्या गटातल्यांना मुख्यतः वासाने ओळखतात. दवाखान्याचा, जंतुनाशकाचा, भीतीचा आणि जखमेचा वास घेऊन आलेली मांजर ही घरातल्या दुसरीच्या लेखी तीच मांजर नसते. वर्षानुवर्षं एकमेकींना चाटणाऱ्या दोघींतही हे होतं, म्हणून "यांची तर घट्ट मैत्री होती" हा आधार धरू नका.

दोन स्वच्छ सुती मोजे घ्या. एक घरातल्या मांजरीच्या गालांवर आणि हनुवटीवर चोळा, पाठीवर किंवा शेपटीजवळ नको. तो रुग्ण मांजरीच्या खाण्याच्या भांड्याजवळ ठेवा. दुसरा उलट दिशेने. मोज्यावरच फिसकारली तर तो एक मीटर लांब ठेवा आणि रोज थोडा जवळ आणा. जखमेच्या बाजूला चोळलेलं कापड इकडे तिकडे फिरवायचं नाही. रुग्ण मांजरीला आंघोळ घालून वास घालवायचा प्रयत्न करू नका. टाके भिजतात आणि उरलासुरला ओळखीचा वासही जातो. कॅरिअर (मांजर न्यायचा पिंजरा) दवाखान्यातून आला की धुऊन उन्हात वाळवा, त्यातली चादर बदला. ड्रेसिंगसाठी किंवा टाके काढायला नेऊन आणलंत तर त्यानंतर किमान 24 तास ती एकटीच्या खोलीत.

दार उघडायचे टप्पे

इथे दिवस मोजू नका, वागणं बघा. पहिला टप्पा: बंद दाराच्या दोन्ही बाजूंना खाणं, दारापासून दोन मीटरवर. दोघी शेवटपर्यंत निवांत खातात, दाराकडे टक लावत नाहीत, असं सलग तीन वेळा झालं की भांडी अर्धा मीटर पुढे. दाराला टेकून खातात तेव्हा दुसरा टप्पा, जाळी किंवा फट. फट एवढीच की पंजा आत जाणार नाही. त्यावर चादर टाका आणि रोज खालून चार बोटं वर घ्या. आधी पावलं दिसतात, मग अंग, चेहरा सगळ्यात शेवटी. डोळ्याला डोळा भिडणं हीच भांडणाची सगळ्यात मोठी ठिणगी असते, म्हणून चेहरा शेवटी.

तिसरा टप्पा म्हणजे एकाच खोलीत पाच मिनिटं, दोघींचं पोट अर्धं भरलेलं, दोन माणसं हजर, एकीशी एक. छान चाललंय म्हणून पंधरा मिनिटं ओढू नका. चांगलं चाललेलं असतानाच संपवा. कान मागे, शेपटीचे फटकारे, अंग गोठल्यासारखं स्थिर आणि टक: यांतलं एकही दिसलं तर मध्ये पुठ्ठ्याचा मोठा तुकडा सरकवा आणि एकीला बाहेर न्या. हात घालू नका, ओरडू नका, पाणी मारू नका. खरी झटापट झाली तर 48 तास पूर्ण वेगळं आणि पुन्हा दोन टप्पे मागून. आणि अंगभर हात फिरवून बघा. मांजरीच्या चाव्याचं भोक बारीक असतं, गळू दोन-चार दिवसांनी येतं.

पुढचा पाय गेलेली मांजर पूर्वीपेक्षा लवकर चावू शकते, याचं कारण साधं आहे. मांजरींत अंतर राखायची एक भाषा म्हणजे उगारलेला पंजा. एकच पुढचा पाय उरला की तो उचलला तर तोल जातो. इशारा द्यायचं एक साधन गेलं, म्हणून ती थेट फिसकारते नाहीतर दात लावते. तिला रागावून उपयोग नाही. समोरच्याला दीड-दोन मीटरवर थांबवणं हे माणसाचं काम.

कोन अंगावर असताना कोणाशीच भेट नको. कोनाचा आवाज आणि आकार बिथरवणारा असतो, आणि कोनातल्या मांजरीला बाजूने येणारं काही दिसत नाही. कोनऐवजी अंगरखा घालत असाल तर दुसरी मांजर तो चाटून ओला करते का बघा. ओल्या कापडाखाली जखम कुजते.

कुत्रा

कुत्र्याचा बेत वेगळा. आधी दमवून आणा, मग पट्ट्यावर खोलीत, दोन मीटर अंतरावर, खाली बसवून. मांजरीकडे बघून नजर वळवली की बक्षीस. धावून गेला तर ओढाताण न करता बाहेर न्या, दहा मिनिटांनी परत. चाटू देऊ नका. "कुत्र्याच्या जिभेने जखम भरते" या समजुतीने बरेच टाके उसवलेत. लाळेत जंतू असतात आणि सततच्या चाटण्याने भरत आलेली कड सुटते. खेळायला बोलवण्यासाठी कुत्रा पुढचे पाय टाकतो तो आघातही तीन पायांवर सहन होत नाही. निदान सहा आठवडे पट्टा ठेवा.

मांजरीच्या खोलीला अडसर म्हणून फाटक लावलंत तर तिला त्यावरून उडी मारायला लागू नये. दाराला अटकाव घालून 10 सेंटिमीटरची फट ठेवली की मांजर जाते आणि मध्यम आकाराचा कुत्रा अडतो. कुत्रा लहान असेल तर हा उपाय निकामी.

महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा बिघडलं तर

सगळं सुरळीत झाल्यावर मांजर अचानक दचकते, नसलेल्या पायाच्या जागेकडे वळून चावते, तिथली कातडी थरथरते, आणि शेजारी बसलेल्या मांजरीवर उगाच धावून जाते. घरच्यांना हे भांडण वाटतं. हे बहुतेक वेळा मज्जातंतूंचं दुखणं असतं. व्हिडिओ काढा, वेळ लिहा, डॉक्टरांना दाखवा. यावर औषधं आहेत. गॅबापेंटिन चालू केलं तर मनाने एकदम बंद करायचं नाही, उतरत्या डोसने थांबवायचं.

मागचा पाय गेलेल्या मांजरीला त्या बाजूचा कान खाजवता येत नाही. पुढचा गेलेल्या मांजरीला त्या बाजूचं तोंड धुता येत नाही. आठवड्यातून दोनदा मऊ ब्रश त्या बाजूने फिरवा, कानात मळ साचतोय का बघा. घरातल्या मैत्रिणीने हे काम अंगावर घेतलं तर उत्तमच, जखम पूर्ण भरली असेल तर अडवू नका. उरलेल्या पायांची नखं दोन-तीन आठवड्यांनी बघायची. वजन वाढू द्यायचं नाही. बरगड्या हलक्या हाताने लागल्या पाहिजेत, कारण तीन पायांचे सांधे चारांचं काम करतात. घरात एकच मोठं भांडं भरून ठेवायची पद्धत इथे मोडावी लागते, कारण कोण किती खातं ते कळत नाही आणि हिचं खाणं दुसरीच फस्त करते.

काही घरांत दोन-तीन महिने टप्पे नीट पाळूनही दोघी एका खोलीत टिकत नाहीत. अशा वेळी पाळ्या लावा: दिवसा एकीला घर मोकळं, रात्री दुसरीला, प्रत्येकीचे ट्रे, पाणी आणि खिडकी वेगळी. बऱ्याच मांजरी हे वेळापत्रक हळूहळू पाठ करतात आणि आपली पाळी आली की स्वतःच दारापाशी येऊन बसतात.